साधारण कामाचं शिफारसपत्र

अमेरिकेचा असाधारण गुणवत्तेचा व्हिसा हवा असेल, तर आपलं काम असाधारण आहे असं मोठ्या माणसांकडून लिहून घ्यावं लागतं. माझं एकच पत्र राहिलं होतं, आमच्या आरोग्य संशोधन संस्थेचे संचालक डॉ. गर्गे यांचं. त्याशिवाय वकीलबाई अर्ज पाठवायला तयार नव्हत्या.

मी केबिनमध्ये गेले, तर समोर दिल्लीचे दोन पाहुणे. सरांना एक मोठा पुरस्कार द्यायचा की नाही, ते ठरवायला आलेले. सरांनी माझी फाइल टेबलावर टाकली, तेवढ्यानंही मी दचकले.

"मृण्मयी, काविळीची साथ कुठल्या विहिरीतून आली, ते तू शोधलंस. त्यात असाधारण काय? घरोघर फिरून प्रश्न कुणीही विचारतं. साधारण काम आहे हे."

"चालेल सर, तसंच लिहून द्या," मी म्हणाले. "संस्थेच्या रिवाजाप्रमाणे या कामावरच्या शोधनिबंधावर पहिलं नाव आपलं आहे, माझं दुसरं. पहिला लेखकच साधारण म्हणतोय म्हटल्यावर कुणी शंका घेणार नाही."

"पुरस्कारासाठी पाठवलेला निबंध तो हाच का?" एका पाहुण्यानं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

सर घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी लेटरहेड पुढे ओढलं. पत्रात 'असाधारण' चार वेळा आलं.

"आणि घरोघर कोण फिरलं, तेही लिहा," दुसरे पाहुणे शांतपणे म्हणाले.

सरांनी माझं पूर्ण नाव विचारलं.