रेघूचं टुणुक आणि हट्टी कुलूप

ही गोष्ट शाळेच्या घंटेने सांगितली. म्हणजे खरीच असणार. घंटा कधी खोटं बोलत नाही. तिला एकच शब्द येतो. टण्!

ओढ्याच्या अलीकडे एक शाळा. शाळेच्या दारात चिंच. चिंचेवर घरटं. आणि घरट्यात रेघू.

रेघू म्हणजे खारीचं पिल्लू. पाठीवर रेघा म्हणून नाव रेघू. ती बोटाएवढी, तिची शेपूट झाडूएवढी. तिला दोनच गोष्टी यायच्या. एक, टुणुक टुणुक उड्या मारणं. दुसरी, "का?" विचारणं.

"आई, पान हिरवं का?"

"आई, घंटा टण् म्हणते. टिण् का नाही म्हणत?"

"रेघू, मधूनमधून श्वास घे गं बाई!" आई म्हणायची.

एकदा काय झालं, ओढ्याकाठच्या बाभळीवर एक शेंग वाजली. खुळखुळ!

रेघूने नाक उडवलं. फुस् फुस्!

"आत बी आहे. ते झोपलंय की जागं आहे? बघू तरी!"

टुणुक! टुणुक! टु...

कच्च!

रेघूच्या पायात काटा गेला. रेघू खाली बसली. मग उठली. उडी मारायला गेली. तर काय! टुणुकच होईना.

"टुण्, आई गं! टुण्, आई गं!"

रेघूचं टुणुक हरवलं.

आई चिंचेवरून सरसर खाली आली. तिने काटा दाताने ओढला. काटा तुटला. टोक आतच राहिलं.

"हे काही माझं काम नाही बाळा," आई म्हणाली. "याला चिमटा लागतो. चिमटा शाळेत असतो. सिस्टरच्या खोलीत. जा, काटा काढून घे. टुणुक आलं की लगेच वर ये."

वर धाकटी पिल्लं रडत होती. चिं चिं चिं! आई सरसर वर गेली. आई वर. रेघू खाली. टुणुक नाही, तर घर नाही.

रेघू निघाली. टुण्, आई गं! टुण्, आई गं!

सिस्टरची खोली आली. दाराला हे एवढं मोठं कुलूप. पोट सुटलेलं. मिशा गंजलेल्या.

रेघू म्हणाली,
"कुलूपकाका, कुलूपकाका, उघडा ना!
कुलूप उघडलं की चिमटा निघेल.
चिमटा निघाला की काटा निघेल.
काटा निघाला की टुणुक येईल.
टुणुक आलं की मी वर, आईकडे!"

कुलूप म्हणालं, "नाही उघडणार जा!"

"का बरं?"

"सिस्टर आल्याशिवाय मी उघडत नाही. सकाळी एक खरचटलेला गुडघा आला. मग एक दुखरं पोट आलं. दोघांना हेच सांगितलं. तुलाही हेच सांगतो."

"सिस्टर कुठे आहेत?"

"ओढ्यापलीकडच्या शाळेत. शाळा दोन, सिस्टर एक!"

रेघूने नाक उडवलं. फुस् फुस्! "शाळा दोन, सिस्टर एक. असं का?"

कुलूप कडीत डुललं. त्याला ठाऊकच नव्हतं.

रेघू निघाली. टुण्, आई गं! टुण्, आई गं! ओढ्यावर लाकडी फळी. फळी डुगडुगली. रेघू डुगडुगली. पण गेली पलीकडे.

तिथे शेवंता सिस्टर. पांढरा कोट. खिशात चॉकलेटी पेन. समोर मुलांची लांबच लांब रांग.

रेघू म्हणाली,
"सिस्टर, सिस्टर, चला ना!
सिस्टर आल्या की कुलूप उघडेल.
कुलूप उघडलं की चिमटा निघेल.
चिमटा निघाला की काटा निघेल.
काटा निघाला की टुणुक येईल.
टुणुक आलं की मी वर, आईकडे!"

सिस्टर म्हणाल्या, "अगं रेघू, कशी येऊ?"

"का बरं?"

"चिमटा तिकडे, मी इकडे. आणि ही रांग बघ! सगळ्यांचे दात तपासायचे आहेत. रांगेत पहिली दुर्वा. ती आ करत नाही. तिने आ केल्याशिवाय रांग हलत नाही. रांग हलल्याशिवाय मी हलत नाही."

रेघू वळली. दुर्वाने दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. वर दोन वेण्या. खाली दोन हात. मधे फक्त डोळे.

रेघू म्हणाली,
"दुर्वाताई, दुर्वाताई, आ कर ना!
दुर्वाताईनं आ केलं की सिस्टर येतील.
सिस्टर आल्या की कुलूप उघडेल.
कुलूप उघडलं की चिमटा निघेल.
चिमटा निघाला की काटा निघेल.
काटा निघाला की टुणुक येईल.
टुणुक आलं की मी वर, आईकडे!"

दुर्वा बोटांच्या फटीतून म्हणाली, "ऊं हूं! नाही करणार जा!"

"का बरं?"

"माझी शेळी आहे ना, चांदी? मी शाळेत शिरले की ती रोज बें करते. मग मला भीती वाटत नाही. आज तिने बें केलंच नाही. तिने बें केल्याशिवाय मी आ करत नाही!"

मागून एक मुलगा ओरडला, "दुर्वे, कर की गं आ! आमचे पाय दुखले!"

दुर्वाने हात अजूनच घट्ट दाबले.

रेघू निघाली. टुण्, आई गं! टुण्, आई गं! खिडकीखाली चांदी उभी. पांढरी शुभ्र. दाढी हलवत. तोंड फिरवून.

रेघू म्हणाली,
"चांदी, चांदी, बें कर ना!
चांदीनं बें केलं की दुर्वाताई आ करेल.
दुर्वाताईनं आ केलं की सिस्टर येतील.
सिस्टर आल्या की कुलूप उघडेल.
कुलूप उघडलं की चिमटा निघेल.
चिमटा निघाला की काटा निघेल.
काटा निघाला की टुणुक येईल.
टुणुक आलं की मी वर, आईकडे!"

चांदी म्हणाली, "मी रुसलेय. नाही करणार जा!"

"का बरं?"

"रोज बाभळीखाली शेंगा पडलेल्या असतात. कुरुम कुरुम खाते, मग बें करते. आज एकसुद्धा नाही पडली! शेंग खाल्ल्याशिवाय मी बें करत नाही."

"शेंग पडली का नाही?"

"मला काय विचारतेस? बाभळीला विचार!"

रेघू निघाली. टुण्, आई गं! टुण्, आई गं! परत ती फळी. परत तो ओढा. परत तीच बाभळ. तिचाच तर काटा!

रेघू म्हणाली,
"बाभळमावशी, बाभळमावशी, शेंग टाक ना!
शेंग पडली की चांदी बें करेल.
चांदीनं बें केलं की दुर्वाताई आ करेल.
दुर्वाताईनं आ केलं की सिस्टर येतील.
सिस्टर आल्या की कुलूप उघडेल.
कुलूप उघडलं की चिमटा निघेल.
चिमटा निघाला की काटा निघेल.
काटा निघाला की टुणुक येईल.
टुणुक आलं की मी वर, आईकडे!"

बाभळ म्हणाली, "अगंबाई! माझाच काटा लागला होय तुला? चुकलं गं माझं. पण शेंग नाही टाकता येणार."

"का बरं?"

"अगं, मी हलल्याशिवाय शेंग पडत नाही. आणि मला कोण हलवतं? तूच! रोज तू माझ्या अंगावर टुणुक टुणुक करतेस. मी गदगदा हलते. शेंगा पटापट पडतात. तू टुणुक कर, मी शेंग टाकते!"

घ्या! टुणुक करायला टुणुकच हवं. आणि टुणुक तर हरवलेलं!

रेघू मुळाशी बसली. वर चिंचेकडे बघितलं. आई डोकावत होती. ऊन उतरायला लागलं होतं. रेघूचे डोळे भरले. एक थेंब टपकन् नाकावर पडला. नाकाला गुदगुली झाली.

रेघूने नाक उडवलं. फुस् फुस्!

"बाभळमावशी, झाडाला गुदगुल्या होतात का गं?"

"कोण जाणे! मला कुणी करूनच बघितल्या नाहीत. सगळे काट्यांना घाबरतात."

"बघू तरी!"

बाभळीच्या दोन फांद्या बुंध्याला जिथे फुटतात ना, ते बेचकं अगदी खाली होतं. म्हणजे झाडाची काखच ती! काटा रेघूच्या पायात होता. शेपटीत थोडाच होता? रेघूने आपली झाडूएवढी शेपूट बेचक्यात घातली. आणि फिरवली.

गुदु गुदु गुदु!

"अगं... अगं... नको गं!" बाभळ म्हणाली.

गुदु गुदु गुदु!

"खी खी! हा हा! हो हो हो!" बाभळ हसली. अशी हसली, अशी हसली, की ओढ्यातल्या माशांना वाटलं भूकंपच झाला.

गदगद, गदगद! पट् पट् पटापट! शेंगाच शेंगा!

रेघूने एक शेंग तोंडात धरली. टुण्, आई गं! टुण्, आई गं! फळीवरून पलीकडे.

शेंग मिळाली, चांदीने खाल्ली. कुरुम कुरुम!

चांदीने बें केलं. बेंऽऽऽ! खिडकीची काच थरथरली.

दुर्वाने हात काढले. आ केलं. आऽऽऽ! एवढं मोठं आ, की सिस्टरना तिचे सगळे दात दिसले आणि सकाळची भाकरीसुद्धा.

"छान हो! पण रात्री दात घासायचे बरं का!" सिस्टर म्हणाल्या.

रांग हलली. सर सर सर! आ, आ, आ, आ! रांग संपली.

सिस्टर स्कूटरवर बसल्या. रेघू त्यांच्या खिशात बसली, चॉकलेटी पेनाशेजारी. फट् फट् फट् फट्! ओढ्याला लांबून वळसा घालून स्कूटर अलीकडे आली.

कुलूप उघडलं. खट्!

चिमटा निघाला. चिक्!

काटा निघाला. टिच्!

"हा बघ तुझा काटा," सिस्टर म्हणाल्या.

"एवढासा? याने एवढं मोठं टुणुक नेलं होतं?"

सिस्टरनी औषध लावलं. चर्र झालं. त्यांनी फुंकर घातली. फूऽऽ!

रेघूने पाय टेकवला. हळूच.

टुण्...

टुण्...

टुणुक!

टुणुक टुणुक टुणुक! टेबलावर टुणुक. वजनकाट्यावर टुणुक. सिस्टरच्या डोक्यावर टुणुक!

दारात खरचटलेला गुडघा उभा होता. दुखरं पोट उभं होतं. सिस्टरनी त्यांनाही बघितलं. शाळेच्या मोठ्या बाईही आल्या.

रेघू दारात थांबली. नाक उडवलं. फुस् फुस्!

"शाळा दोन, सिस्टर एक. असं का?"

सिस्टरनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी छताकडे बघितलं. छताला काय माहीत!

पण कुलपाने ऐकलं. त्याच्या गंजक्या मिशा थरथरल्या.

घंटा झाली. शाळा सुटली. सिस्टरनी कुलूप लावलं.

लागेना!

मोठ्या बाईंनी दाबलं. लागेना! शिपाईमामांनी तेल घातलं. लागेना!

कुलूप म्हणालं, "मी नाही लागणार जा! आमच्या शाळेला आमची सिस्टर आल्याशिवाय मी लागत नाही. किती गुडघे परत पाठवू? किती पोटं परत पाठवू?"

मोठ्या बाईंनी मोठ्या ऑफिसात फोन केला. "हॅलो, आमचं कुलूप लागत नाही हो! सिस्टर पाठवा!"

मोठ्या ऑफिसातून नवं कुलूप आलं.

जुनं कुलूप नव्या कुलपाच्या कानात काहीतरी कुजबुजलं. झालं! नवंही लागेना.

मोठ्या बाईंनी परत फोन केला. "हॅलो, कुलूप नको! सिस्टर पाठवा, सिस्टर!"

रोज फोन. ट्रिंग ट्रिंग! सकाळी ट्रिंग. जेवताना ट्रिंग. मोठं ऑफिस कंटाळलं. इतकं कंटाळलं, की शेवटी सिस्टरच पाठवली.

नव्या सिस्टरचं नाव कल्याणी. पांढरा कोट. खिशात स्वतःचा चिमटा. शाळा दोन, सिस्टर दोन!

त्या संध्याकाळी कल्याणी सिस्टरनी कुलूप लावलं. खट्! पहिल्या झटक्यात लागलं. आणि सकाळी पहिल्या झटक्यात उघडलं.

आणि रेघू?

ती तर पहिल्याच दिवशी वर पोचली होती. टुणुक टुणुक टुणुक, थेट आईच्या कुशीत. आईने तिचा पाय चाटला. मग दुसरा चाटला. मग सगळे चाटले, कुठला होता ते विसरली म्हणून.

"आई," रेघू म्हणाली, "बी झोपलेलं असतं की जागं?"

"रेघू, आता तू झोप."

दुसऱ्या दिवशी रेघू परत बाभळीवर गेली. आधी काटे बघितले. मग शेंगेला कान लावला. खुळखुळ! बी काय म्हणालं, ते रेघूने फक्त घंटेला सांगितलं.

आणि घंटा काय म्हणाली?

टण्!