न वाजलेला फोन

एकदा एक प्राध्यापक आपल्या गुरुजींकडे भांडण घेऊन आला. भांडण होते एका मोबाइल कंपनीशी. गुरुजींनी आपल्या बाजूने दोन शब्द बोलावेत, एवढीच त्याची अपेक्षा होती.

प्राध्यापकाचे नाव अच्युत. तालुक्याच्या महाविद्यालयात तो मराठी शिकवी आणि भाषेवर त्याची हुकमत होती. त्याचे गुरुजी न्यायशास्त्राचे जुने अध्यापक, ऐंशी ओलांडलेले, नदीपलीकडच्या पेठेत एकटे राहणारे. शनिवारी संध्याकाळी चारदोन मंडळी त्यांच्याकडे उपनिषदे वाचायला जमत. अच्युत त्यांतला सर्वांत जुना.

झाले होते असे. एके सकाळी अच्युतच्या फोनने अपडेट मागितले, त्याने नेहमीप्रमाणे संमती दिली, आणि त्या दिवसापासून फोनचे तंत्रच बिघडले. बॅटरी दुपारपर्यंत टिकेना. मराठी लिहू जावे तर जोडाक्षरे फुटत. आणि कहर म्हणजे कुणाचा फोन आला तरी तो वाजेना. पडदा मुकाट उजळे आणि मुकाट मिटे. दुकानदार म्हणाला, "सर, सगळ्यांचीच हीच तक्रार आहे. पुढच्या अपडेटची वाट बघा." कंपनीच्या मदत क्रमांकावर एक यंत्र गोड आवाजात थांबायला सांगे आणि थांबवून थांबवून फोन कापी.

अच्युतने मग लेखणी उचलली. कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकांनी अभिप्राय लिहायची जागा होती, तिथे तो घरच्या संगणकावरून लिहू लागला. त्याचा पहिलाच मजकूर वाचून शेकडो त्रस्त लोकांनी शाबासकी दिली. 'सर, आमच्या मनातलं बोललात,' असे कुणी कुणी लिहिले. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी लिहिले, तिसऱ्या दिवशी आणखी. शब्दांना धार चढत गेली.

अशातच त्याच्या मावशीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. आई लवकर गेल्यावर अंबूमावशीनेच त्याला वाढवले होते. सकाळी त्याने तिला डोळ्यांच्या दवाखान्यात पोहोचवले. संध्याकाळी सोडू, असे डॉक्टर म्हणाले होते. पण भर दुपारीच मोकळे केले. मावशीने फोन केला, पुन्हा केला. बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याला आधीच कमी दिसणारे, अशी ती एकटीच रिक्षाने घरी निघाली. दारापुढच्या पायरीचा अंदाज चुकला, ती पडली, आणि तिचे उजवे मनगट मोडले.

त्या रात्री अच्युतने जे लिहिले ते त्याच्या आजवरच्या लेखनात सर्वांत जळजळीत होते. तोच कागद छापून घेऊन तो त्या शनिवारी आला होता. बाकीची मंडळी गेल्यावर त्याने गुरुजींना सगळी हकिकत सांगितली.

"माझंही तसंच झालंय रे," गुरुजी म्हणाले. "व्हिडिओ कॉलवर परगावची मुलगी दिसते, पण तिचा आवाज येत नाही. परवा नुसते हातवारे करत बसलो. काय लिहिलंस, वाच बघू."

अच्युतने घसा साफ केला. पण तो पहिले वाक्य उच्चारणार तोच गुरुजींनी हात वर केला. गुडघ्यांवर जोर देत ते आपल्या बैठकीवरून उठले, हळूहळू पुढे आले आणि समोरच्या चटईवर, शिष्य बसतात तिथे, मांडी घालून बसले.

"तू तिथे बस," आपल्या बैठकीकडे बोट दाखवून ते म्हणाले.

"गुरुजी, हे काय भलतंच!"

"ज्यांना लिहिलंस ते काही इथे नाहीत. त्यांच्या जागी कुणीतरी बसायला हवं. मी बसतो. माझ्याकडे बघून वाच, आणि एकही शब्द गाळू नकोस."

अच्युत संकोचाने बैठकीच्या कडेवर टेकला. गुरुजींनी हात जोडून मांडीवर ठेवले होते, मान किंचित खाली होती. तो वाचू लागला. फोन कसा बिघडला इथवर ठीक चालले. मग 'निर्बुद्धांनो' हा शब्द आला, आणि तो म्हणताना त्याची नजर गुरुजींच्या पिकल्या भुवयांवर गेली. त्याचा आवाज खाली आला. पुढे 'लाज विकून खाल्लेले' होते. त्यापुढे कंपनीतल्या माणसांच्या आयांचा उद्धार होता. तिथे तो अडखळला.

"वाच," गुरुजी शांतपणे म्हणाले.

त्याने कसेबसे वाचले. अखेरचा परिच्छेद मावशीचा होता. 'तुमच्या बेपर्वाईपायी एक अर्धांध वृद्धा निराधार होऊन रस्त्यावर आली. तिचा मोडलेला हात हाच तुमच्या कर्तृत्वाचा पुरावा!' लिहिताना या वाक्यावर तो मनोमन खूश झाला होता. आता ते त्याने भरभर उरकले आणि कागद खाली ठेवला.

गुरुजींनी मान लववली. "आमची चूक झाली," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थट्टेचा लवलेश नव्हता. "नीट तपासलं नाही, घाईने पाठवून दिलं. आपल्याला मनस्ताप झाला, आपल्या मावशींचा हात मोडला. आम्ही क्षमा मागतो."

एवढे बोलून त्यांनी मान वर केली.

कंपनीकडून कुणीतरी असे बोलावे म्हणून अच्युत इतके दिवस तडफडत होता. आता ते बोलून झाले होते. छातीतली आग विझायला हवी होती. ती होती तशीच होती. किंबहुना आता तिच्यावर फेकायला हाताशी काहीच उरले नव्हते.

"बरं वाटलं?" गुरुजींनी विचारले.

"नाही."

"क्षमा मिळाली, तरी नाही?"

अच्युतने खाली पाहिले. मग म्हणाला, "गुरुजी, फोन वाजला नाही, हे अगदी खरं आहे."

"मी कुठे नाही म्हटलं?"

"पण वाजत नाही हे मला ठाऊक होतं ना. म्हणून त्या दिवशी मी तो संगणकाशेजारीच ठेवला होता, दिसेल असा. तो उजळला. मावशीचं नाव आलं." तो पुढे म्हणाला, "मी लिहीत होतो. असंच, कंपनीला. वाक्य ऐन रंगात आलं होतं. संध्याकाळला अवकाश आहे, काहीतरी किरकोळ विचारत असेल, हे संपवून करू फोन, असं म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा उजळला."

"मग?"

"मग मी तो पालथा घातला."

गुरुजी उठले नाहीत. चटईवरूनच म्हणाले, "अच्युता, या कागदात शिव्या सोडल्या तर खोटं काहीच नाही, आणि घात तिथेच झाला. खोट्या आरोपाच्या आड माणसाला फार काळ दडता येत नाही. खऱ्या आरोपाच्या आड मात्र खुशाल दडता येतं, वर लोक शाबासकीही देतात. फोन बिघडला हा दोष त्यांचा. पालथा घातलास हा तुझा. त्यांच्या वतीने मी क्षमा मागू शकलो. तुझ्या वतीने कुणालाच मागता येणार नाही."

"मग तक्रार करूच नको का?"

"कर की! काय बिघडलं आणि काय दुरुस्त व्हायला हवं, ते चार ओळींत लिही. खाली माझंही नाव घाल. मला मुलीचा आवाज ऐकायचाय."

अच्युत तिथून थेट मावशीकडे गेला. काळा चष्मा लावून, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून ती खाटेवर बसली होती. त्याची चाहूल लागताच नेहमीचेच बोलली, "आलास? झाला का रे नीट तो मेला फोन? नसेल वाजला, त्याला तू तरी काय करणार?"

रोज ती हे म्हणे आणि रोज तो मान डोलवी. आज तो खाटेजवळ खाली बसला.

"मावशी, फोन वाजला नाही. पण तुझं नाव मला दिसलं होतं."

"दोन्ही वेळेला?"

"हो. दोन्ही वेळेला. दुसऱ्या वेळी मी फोन पालथा ठेवला."

काळ्या चष्म्याआड तिचे डोळे त्याला दिसत नव्हते. ती म्हणाली, "मी बाकावर बसून मनाशी म्हणत होते, त्याला दिसलंच नसेल. दिसलं असतं, तर आला असता."

'माझं चुकलं' हे शब्द त्याला किती हलक्या आवाजात म्हणावे लागले! शेकडो माणसांसमोर कडाडणारी त्याची भाषा तेवढ्या दोन शब्दांपाशी अडली. मावशीने 'असू दे' म्हटले नाही, आणि त्यानेही ते म्हणवून घेतले नाही.

काही वेळाने तिने डाव्या हाताने फळीकडे खूण केली. "फणी आण. एका हाताने वेणी होत नाही. शेजारीण आज आलीच नाही."

त्याने उभ्या जन्मात कुणाची वेणी घातली नव्हती. तिच्या मागे बसून त्याने ते विरळ, पांढरे केस विंचरले आणि तीन पेड केले. एक पेड सारखा निसटत होता. शेवटी कशीबशी वेणी झाली.

मावशीने ती हाताने चाचपली. "सैल झाली रे."

त्याने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.