हौसाबाईची मूठ

डोंगरांच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं. तिथं राजा होता, पण नावाला. सकाळी पूजा करायचा, दुपारी झोपायचा. खरा कारभार चालायचा सभेचा. गावोगावचे लोक आपल्यातलं एक माणूस निवडून सभेत पाठवत.

या सभेची रीत मात्र जगावेगळी. सभागृहाच्या मधोमध एक मोठा रांजण ठेवलेला असे. प्रत्येक सभासदानं आपल्या गावातून मूठभर धान्य घेऊन यायचं. ठराव पटला तर ती मूठ रांजणात टाकायची. नाही पटला तर मूठ तशीच घरी न्यायची. रांजण काठोकाठ भरला की ठराव मंजूर, जरा जरी उणा राहिला की बारगळला. धान्य गावाचं, हात आपला, आणि मधे कोणी नाही. ज्यानं ही रीत घालून दिली तो शहाणा असला पाहिजे.

पण माणसं एकत्र आली की गट पडायचेच. उगवतीच्या भिंतीला टेकून बसणारे ते उगवतीकर, मावळतीच्या भिंतीला टेकून बसणारे ते मावळतीकर. आधी ती नुसती बसायची जागा होती हो! बघता बघता तिचे दोन पक्ष झाले. उगवतीकरांचे पुढारी रायाजीराव, मावळतीकरांचे विसाजीपंत. दोघंही वजनदार, दोघंही गोडबोले.

या दोघांनी एक सोय काढली. सभेच्या दिवशी दोघं दारात थैली घेऊन उभे राहू लागले. आपल्या पक्षाच्या माणसानं आत शिरताना आपली मूठ थैलीत टाकायची. तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही बघतो, असं ते म्हणायचे. मग ठराव आला की थैली ओतायची का बांधून ठेवायची, ते पुढारी ठरवणार. सभासद खूश झाले. डोकं चालवायचं काम वाचलं, ते कोणाला नको असतं?

एका थैलीनं काही रांजण भरत नसे. दोन्ही लागायच्या. आणि दोन्ही थैल्या एका ठरावाला ओतल्या गेल्यात, असं कोणाला आठवतच नव्हतं. उगवतीकर म्हणाले रस्ता करू, की मावळतीकरांना पायवाट गोड लागायची. मावळतीकर म्हणाले तळं खोदू, की उगवतीकरांना तहानच लागेनाशी व्हायची. गावातले लोकही तसेच. आपला पुढारी रागावला की हे रागावणार, तो हसला की हे हसणार. रस्ता नाही तर नाही, पण समोरच्यांचा ठराव पडला म्हणून गूळ वाटणारी गावं होती तिथं. काय म्हणावं आता!

या राज्यात शेवरी नावाच्या गावात हौसाबाई राहायची. बाई सडेतोड. गावातली भांडणं तिच्या ओसरीवर मिटायची, म्हणून गावानं तिला सभेत पाठवलं. तेव्हा तिची भावकी बिथरली होती, बाईमाणूस सभेत कशाला म्हणून. त्या वेळी रायाजीराव स्वतः गावात आले आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. तेव्हापासून ती त्यांना दादा म्हणायची, आणि अगदी मनापासून म्हणायची. मावळतीकरांचं नाव निघालं की नाक मुरडायची. दर सभेला आपली मूठ दादांच्या थैलीत टाकायची आणि निर्धास्त बसायची.

मग लागोपाठ दोन वर्षं पीक बुडालं. लोकांच्या कणग्या रिकाम्या झाल्या. दिवसाला एकदाच चूल पेटू लागली, आणि त्यातही पातळ आंबिलीतलं पाणी वाढत चाललं. राज्याचं कोठार मात्र दाण्यांनी भरलेलं होतं. मोठ्या अडचणीसाठीच ते भरून ठेवलेलं. पण कोठाराचं कुलूप सभेच्या ठरावाशिवाय निघायचं नाही.

कोठार उघडा असा ठराव उगवतीकरांनी मांडायचं ठरवलं. हौसाबाईचा ऊर भरून आला. पण सभेला न्यायला मूठभर दाणे आणायचे कुठून? शेवरीत एकाही घरात मूठभर काढून द्यायला नव्हतं. शेवटी बायका घराघरांतून फिरल्या. इथून चिमूटभर ज्वारी, तिथून चिमूटभर नाचणी, असं करून एक मूठ भरली. आपल्या पोराच्या तोंडचा घास काढून दिला होता बायांनी. हौसाबाईनं ते दाणे फडक्यात बांधले आणि रीतीप्रमाणे दादांच्या थैलीत टाकले.

सभेत रायाजीराव फार सुंदर बोलले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोलून झाल्यावर त्यांनी थैली ओतली. रांजण अर्धा भरला. सगळ्यांनी मावळतीकरांकडे पाहिलं. विसाजीपंत आपल्या थैलीवर हात ठेवून बसले होते. आज कोठार उघडलं तर लोक उगवतीकरांचं नाव घेतील, हे त्यांना कळत होतं. त्यांनी थैलीची गाठ आणखी घट्ट केली. ठराव बारगळला.

हौसाबाईनं मावळतीकरांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलून घेतलं. तशीच फणफणत बाहेर पडली, ती पुढाऱ्यांच्या पागेवरून चालली होती. आणि तिथं जे दिसलं, ते पाहून ती थांबली. बारगळलेल्या ठरावाचे दाणे पागेत आणलेले होते. रांजणातलेही आणि विसाजीपंतांच्या थैलीतलेही. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार ते एकाच दगडी दोणीत ओतत होता. रायाजीरावांचे घोडे आणि विसाजीपंतांचे घोडे एकमेकांना खेटून ते खात होते. तिनं मोतद्दाराला विचारलं. तो सहज म्हणाला की हे नेहमीचंच आहे, दोन्ही मालकांची तशी बोलीच आहे. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ती गावी आली. तिच्या ओसरीवर सगळं गाव जमलं. ठराव पडल्याचं तिनं सांगितलं, मावळतीकरांनी घात केला हेही सांगितलं. लोकांनी मावळतीकरांना शिव्या घातल्या. मग घोड्यांचंही सांगितलं. सगुणा म्हणून एक लेकुरवाळी बाई होती, तिनं तेवढ्यात विचारलं, "हौसाक्का, रांजणात मूठ तू टाकलीस का रायाजीरावांनी?"

हौसाबाईला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी, असं ती म्हणाली. सगुणा उठून घरी गेली. हौसाबाईला वाटलं, आता ही आपलं तोंड बघणार नाही. पण ती परत आली ती ओंजळीत बियाणं घेऊन. पुढच्या पेरणीसाठी तिनं ते उपाशी राहून राखलं होतं. तिनं त्यातली एक मूठ हौसाबाईच्या पदरात टाकली आणि एवढंच सांगितलं की या खेपेला दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. हौसाबाईला रात्रभर झोप नाही. दादांचे उपकार आठवत, आणि पदरातलं बियाणंही टोचत राही. पहाटेपर्यंत तिचं ठरलं.

पुढची सभा भरली. आता गंमत ऐका. या वेळी कोठार उघडायचा ठराव मावळतीकरांनी मांडला! शब्द तेच, फक्त मांडणारा बदललेला. आणि गेल्या खेपेला लोकांना रडवणारे रायाजीराव दारात आपल्या माणसांच्या कानात सांगत होते, आज थैली बांधूनच राहणार. कोठार उघडायचं तर ते आपण उघडू, त्यांच्या हातून नाही.

हौसाबाई दारात आली. रायाजीरावांनी थैलीचं तोंड पुढं केलं. तिनं मूठ मागं घेतली. मागचे लोक थबकले.

रायाजीराव आधी हसले. मग त्यांनी आठवण करून दिली, भावकी उठली तेव्हा कोण आलं होतं. बहिणीसारखं मानलं म्हणाले. मग आवाज उतरवून म्हणाले की आज मूठ दिली नाहीस तर उगवतीच्या भिंतीला तुला जागा नाही, आणि पुढच्या खेपेला शेवरीतून दुसरं कोणी येईल. हौसाबाई खरंच मानत होती त्यांना.

"दादा, तुमचे उपकार मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण ही मूठ माझी नाही, गावाची आहे. ती तुम्हाला द्यायचा मला हक्कच नाही."

आणि ती आत गेली.

विसाजीपंतांनी भाषण केलं आणि थैली ओतली. रांजण अर्धा भरला. रायाजीराव हाताची घडी घालून बसून राहिले. ठराव बारगळला असं भालदार ओरडणार, तेवढ्यात हौसाबाई उठली. चालत रांजणापाशी गेली, मूठ उघडली आणि बियाणं आत टाकलं. मूठभरानं रांजणाला काय होतंय? काही झालं नाही. पण एवढ्या वर्षांत कोणी स्वतःच्या हातानं दाणे टाकलेले कोणी पाहिलेच नव्हते.

विसाजीपंत लगबगीनं पुढं आले. बाईंना न्याय कळतो म्हणाले, आमच्याकडे या, पुढच्या रांगेत बसा म्हणाले. उगवतीकरांची नाचक्की झाली म्हणून त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. हौसाबाईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पंत, आज दादांनी थैली बांधून ठेवली, गेल्या खेपेला तुम्ही तेच केलंत," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे आले नाही. मी रांजणाकडे आले."

आता तिला उगवतीला जागा नव्हती आणि मावळतीला जायचं नव्हतं. ती रांजणाला टेकून जमिनीवरच बसली. ठराव पुरा होईतो मी इथून हलत नाही, असं तिनं भालदाराला सांगून टाकलं. एकही सभासद बसून असेल तोवर सभा मोडायची नाही असा नियमच होता. भालदार बिचारा दोन्ही पुढाऱ्यांकडे बघत उभा राहिला. लोक कुजबुजू लागले, कोणी तिला वेडी म्हणालं, कोणी खोडा घालणारी म्हणालं. तिच्याच पक्षातल्या एकानं तर मावळतीकरांनी विकत घेतली म्हणून सांगितलं. हौसाबाईनं सगळं ऐकलं आणि पाय आणखी पसरून बसली.

बराच वेळ गेला. मग उगवतीकरांतला एक म्हातारा सभासद उठला. केरबा त्याचं नाव, माळावरच्या गावचा. आयुष्यात कधी पुढाऱ्याच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. तो चाचरत रायाजीरावांपुढं गेला आणि आपली मूठ परत मागू लागला. रायाजीराव म्हणाले, सगळं धान्य एकत्र झालंय, त्यातलं तुझं कुठलं ते मी कसं ओळखू?

"कुठलंही द्या, राव," केरबा म्हणाला. "सगळं उपाशी घरातूनच आलंय."

केरबानं स्वतःच थैलीत हात घातला, मूठ भरली आणि रांजणात नेऊन टाकली. मग दुसरा उठला. मग तिसरा. जो तो खाली मान घालून यायचा आणि जाताना मान वर करून जायचा. रायाजीरावांनी डोळे वटारले, नावं घेतली, मागच्या उपकारांची यादी काढली. शेवटी थैली तिथंच टाकून ते तरातरा निघून गेले. आपण उठलो की आपली माणसं मागोमाग येतील असं त्यांना वाटलं होतं. काही जण अर्धवट उठलेही. त्यांनी दाराकडे पाहिलं, जमिनीवर पडलेल्या थैलीकडे पाहिलं, आणि मग मुकाट्यानं आपापली मूठ घेऊन रांजणात टाकली. रांजण काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी कोठार उघडायचं होतं. विसाजीपंत पहाटेच वाजंत्री घेऊन आले, आमच्यामुळं झालं म्हणून सांगायला. रायाजीरावही दुसरी वाजंत्री घेऊन आले, मूळ ठराव आमचाच म्हणून सांगायला. दोन्ही वाजंत्र्यांचा असा काही कल्लोळ झाला की कोण काय सांगतंय ते कोणालाच कळेना.

हौसाबाई शेवरीच्या माणसांसोबत आली आणि तिनं कपाळावर हात मारला. कोठाराला दार एक, आणि लोकांनी रांगा केल्या होत्या दोन! कोणी सांगितलं नव्हतं. आपापल्या सवयीनं उगवतीकर गावं एका बाजूला उभी, मावळतीकर गावं दुसऱ्या बाजूला. आणि पहिलं कोणी शिरायचं यावरून दाराशी वाद चाललेला. कोठारी कुलूप काढून हातात घेऊन उभा. कडेवरची पोरं रडत होती, आणि त्यांचे बाप हमरीतुमरीवर आले होते.

हौसाबाईनं फार विचार केला नाही. शेवरी उगवतीकरांच्या रांगेत होती. तिनं आपली रिकामी पिशवी उचलली, रांग सोडली, आणि समोरच्या रांगेत अगदी शेवटी, एका मावळतीकर बाईच्या मागं जाऊन उभी राहिली. शेवरीच्या लोकांना आधी कळेना. तिनं त्यांना हाका मारल्या नाहीत, खुणा केल्या नाहीत. सगुणा तिच्या मागं आली. मग शेवरीतले बाकीचे आले, मग केरबाचं गाव आलं, आणि मग एकेक करत उरलेली उगवतीकर गावंही आली. पुढची मावळतीकर बाई मागं वळून संशयानं बघत होती. तिच्या कडेवरचं पोर फार किरकिरत होतं. हौसाबाईनं हात पुढं केले, आणि बाईनं क्षणभर थांबून पोर तिच्याकडे दिलं. रांग एकच झाली तसा कोठाऱ्यानं दरवाजा सताड उघडला, आणि वाटप सुरू झालं.

तात्पर्य: पुढाऱ्याला मान द्यावा, पण आपली मूठ देऊ नये, ती एकदा त्याच्या थैलीत गेली की भांडण पुढाऱ्यांचं चालतं आणि उपाशी आपण राहतो.