सात गतिरोधक आणि मागची सीट

एकदा एका शहराच्या कडेला असलेल्या वसाहतीत उदय कारंडे नावाचा एक कारागीर राहत होता. वय चाळिशीला टेकलेले. तरुणपणीची सहा वर्षे त्याने हसन शिकलगार या जुन्याजाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली काढली, हातात विद्या घेतली आणि मग हमरस्त्याला मोटारी सजवून देण्याचे स्वतःचे दुकान थाटले. त्याची पांढरी मोटार हीच त्या दुकानाची पाटी होती. तिच्या चारही स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी त्याने स्वतः कापली होती. त्यामुळे गाडी अशी खाली बसली होती, की टायर आणि वरचा पत्रा यांच्यात बोट शिरत नसे. गिऱ्हाईक दुकानात येई, त्या गाडीकडे बघे आणि म्हणे, "माझीही अशीच करून द्या."

परंतु हमरस्त्यापासून घरापर्यंत सात गतिरोधक होते. दोन वर्षांपूर्वी शाळेतून येणाऱ्या एका मुलीला भरधाव मोटारसायकलने उडवले, तेव्हा वसाहतीने आग्रह धरून ते बांधून घेतले होते. मुलगी वाचली, गतिरोधक राहिले. बाकीच्यांना त्यांची सवय झाली. उदयला मात्र दिवसातून दोनदा सात वेळा परीक्षा द्यावी लागे. प्रत्येक गतिरोधकापाशी तो गाडी जवळजवळ थांबवी, काच खाली करी, गाडी तिरकी घाली, एक चाक चढवी, मग दुसरे. एवढे करूनही मधल्या दोन उंच गतिरोधकांवर इंजिनाखालचे तेलाचे चेंबर खरवडून निघेच. खर्रर्र असा तो आवाज आला, की त्याचे दात आपोआप आवळले जात. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवत. "अहो, घ्या की पुढं! वरात आहे काय?" तो उत्तर देत नसे. दिवसभर वाकून काम केलेल्या माणसाला भांडायलाही बळ लागते, आणि ते त्याच्यापाशी उरलेले नसे.

अशात त्याची आई, शेवंताबाई, न्हाणीघरात पाय घसरून पडली. मणक्याला बारीक चीर गेली. डॉक्टरांनी दीड महिना झोपवून ठेवले आणि नंतर आठवड्यातून तीनदा शेक व व्यायाम घेण्यास इस्पितळात यायला सांगितले. "चुकवलंत तर पाठ धरेल ती कायमची," असेही बजावले. आई म्हणाली, "मी रिक्षानं जाईन." उदयला ते पटले नाही. दारात गाडी उभी असताना आईने रिक्षाने का जावे? पुढची खोलगट सीट तिला मानवेना, म्हणून तो तिला मागे बसवी आणि स्वतः नेऊन आणी.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी तो गाडी काढू लागला, तर आई साडी न बदलता तशीच खाटेवर बसून होती.

"आता नको रे उदय. बरं वाटतंय मला."

"बरं कसं वाटतंय? काल भांडं उचलताना भिंत धरलीस की."

"वय झालं म्हटल्यावर भिंत धरायचीच. तू जा दुकानात. तुझा खोळंबा होतो."

बुधवारीही ती आली नाही. शुक्रवारीही नाही. उदयने समजावले, मग तो रागावला, आणि अखेर थकून गप्प बसला. सगळा राग गतिरोधकांवर निघाला. शनिवारी त्याने नगरपालिकेच्या नावे अर्ज लिहिला: सातही गतिरोधक काढून टाकावेत. चेंबर दोनदा बदलावे लागले, सायलेन्सर चेपला, पुढचा बंपर तडकला, सारे तपशीलवार मांडले. अर्जाला वजन यावे म्हणून वसाहतीतल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाची सही आधी हवी होती. ते म्हणजे त्याचे उस्ताद, हसन शिकलगारच. त्यांचे घर चौथ्या गतिरोधकासमोर होते.

संध्याकाळी उस्ताद अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शहात्तर वर्षांचे, हात मात्र अजून पान्ह्यासारखे घट्ट. त्यांनी चष्मा लावून अर्ज सावकाश वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला आणि हात पुढे केला.

"चावी दे."

"सही नाही करायची, उस्ताद?"

"चावी दे आधी. आणि हमरस्त्यावरनं परत येताना तू मागं बस."

उदय गोंधळला. गाडी घेतल्यापासून तो त्या मागच्या सीटवर कधी बसला नव्हता. पण उस्तादांच्या शब्दाला का म्हणून विचारण्याची सवय त्याला सहा वर्षांत लागली नव्हती, ती आता कुठून लागणार? त्याने चावी दिली. उस्तादांनी गाडी वळवून हमरस्त्यापर्यंत नेली, तिथे पुढच्या सीटवरून उठवून उदयला मागे बसवले, गाडी परत फिरवली आणि पहिल्या गतिरोधकाकडे निघाले.

ते अगदी शिष्यासारखीच गाडी चालवत होते. तशीच हळू, तशीच तिरकी. पहिल्या गतिरोधकावर उदयने सवयीने कान खाली लावला. चेंबर घासले नाही, आणि त्याला बरे वाटले. पण त्याच क्षणी मागचे चाक उतरले आणि खालून एक दणका थेट त्याच्या माकडहाडातून मानेपर्यंत गेला. कापलेल्या स्प्रिंगेत दणका गिळायला जागाच नव्हती. दुसऱ्या गतिरोधकावर तो सावरून बसला, तरी तेच. तिसऱ्यावर त्याचा हात नकळत खिडकीच्या वरच्या कडीकडे गेला.

कडी हातात लोंबली.

एका बाजूचा स्क्रू पार सैल झाला होता आणि भोवतीचे प्लास्टिक तडकले होते. उदय कारागीर होता. कोणती वस्तू कशाने झिजते, हे बोट लावून सांगणे हाच त्याचा धंदा. इतकी वर्षे मागे फारसे कुणी बसले नव्हते, आणि आईला न्यायला लागण्याआधी त्याने स्वतः गाडी आतून पुसली तेव्हा ही कडी घट्ट होती. ही ओढ एका दिवसाची नव्हती. कुणीतरी पुन्हा पुन्हा, सगळा भार टाकून, सीटवरून अंग वर उचलण्यासाठी तिला लटकले होते. जाताना सात वेळा, येताना सात वेळा.

त्याने सीटवरून हात फिरवला. बसायच्या जागी कव्हरखाली काहीतरी जाड लागले. उचकून पाहिले, तर आईचे जुने लुगडे चौपदरी घडी करून आत सारलेले होते, बाहेरून दिसू नये असे.

चौथ्या गतिरोधकाआधी उस्तादांनी गाडी बंद केली. मागे वळून पाहिले नाही.

"दोन गतिरोधक नियमापेक्षा उंच आहेत, हे खरं आहे," ते म्हणाले. "तेवढे कमी करा म्हणून मी सही देईन. पण तुझ्या अर्जात चेंबर आहे, बंपर आहे, सायलेन्सर आहे. तुझी आई नाही. मी रोज अंगणातून बघत होतो. तुझं सगळं लक्ष खाली असायचं, पत्र्याकडं. त्यात तुझा वाईट हेतू नाही रे. पत्रा दुखला की ओरडतो, म्हणून तो ऐकू येतो. माणूस दुखलं की गप्प बसतं आणि मिळेल ती कडी धरतं. ते ऐकायचं असेल, तर कधीतरी त्याच्या जागेवर जाऊन बसावं लागतं."

समोरून एक सायकलवाला आला, गतिरोधकावर उतरला आणि निघून गेला.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत, उस्ताद?"

"सांगितलं असतं तर तू हळू चालवली असतीस. आणखी हळू." उस्तादांनी चावी त्याच्या हातात ठेवली. "हळू तर तू चालवत होतासच."

घरी आई डाळ निवडत होती. उदय तिच्यासमोर खाली बसला.

"फार दुखायचं का गं गाडीत?"

तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "दुखायचंच ना थोडं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? गाडी घासली की तुझा चेहरा कसा व्हायचा, ते आरशात दिसायचं मला. आधीच दमलेला असतोस. म्हटलं, मागं माझा भार नसला तर गाडी वर राहील."

उदयने ताट दोघांच्या मध्ये ओढले. तो तिच्याबरोबर डाळ निवडत बसला.

रविवारी त्याने गाडी उस्तादांच्या जुन्या गॅरेजात नेली. कापलेल्या स्प्रिंगा काढून अखंड बसवायला अर्धा दिवस गेला. गाडी जॅकवरून उतरवली तेव्हा ती चार बोटे वर उभी होती, रस्त्यावरच्या इतर कोणत्याही गाडीसारखी. तिच्याकडे पाहून त्याला आनंद झाला नाही. इतक्या वर्षांची हौस होती ती. त्याने हात पुसले आणि गाडी घरी नेली.

सोमवारी आई साडी बदलून तयार बसली होती. सात गतिरोधक होतेच. प्रत्येकापाशी तो वेग कमी करी, आणि आरशात तिच्याकडे पाही. दोन उंच गतिरोधकांवर तिने डोळे मिटले. बाकीच्या पाचांवर ती खिडकीबाहेर, कोणाच्या दारात कोणती फुले आली आहेत, ते बघत होती.

पुढच्या आठवड्यात दुकानात एक तरुण गिऱ्हाईक आले. नवी मोटार, डोळ्यांत उत्साह. "स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवून द्या," तो म्हणाला. मग बाहेर उभ्या पांढऱ्या गाडीकडे त्याचे लक्ष गेले आणि त्याने तोंड वाकडे केले. "ही तुमचीच ना? उचललीत कशाला? मजा गेली तिची."

"गेली खरी," उदय म्हणाला. त्याने हातातला पान्हा टेबलावर ठेवला आणि त्या तरुणाला बसायला स्टूल दिले. त्याला नको म्हणावे असे काही उदयच्या मनात नव्हते. फक्त काम हाती घेण्याआधी त्याने एक गोष्ट विचारली, आणि पुढेही प्रत्येकाला तो तीच विचारत राहिला.

"तुझ्या गाडीत मागं कोण बसतं?"