न फोडलेल्या फोनातलं सोनं

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. खडकनाळ नावाचं संस्थान कधी नव्हतं, त्याच्या गादीवर धुंडिराज महाराज कधी बसले नाहीत आणि राजेलोकांच्या काळी मोबाइल नव्हते, एवढ्या किरकोळ बाबी सोडल्या तर खरी.

तर या धुंडिराज महाराजांनी सारजा झारेकरणीपुढे आपला मेलेला फोन ठेवला आणि हुकूम सोडला, "यातलं सोनं काढ. दसऱ्याला माझ्या बोटात अंगठी पाहिजे. आणि फोन फोडायचा नाही."

"न फोडता, महाराज?"

"ओरखडासुद्धा नको. लागेल कधीतरी."

'लागेल कधीतरी' हे महाराजांचं ब्रीद होतं. त्यापायी राजवाड्याचं एक अख्खं दालन शेकडो मेलेले फोन, मुके रेडिओ, आंधळे टीव्ही आणि कशालाच न लागणारे चार्जर यांनी आढ्यापर्यंत भरलेलं होतं.

झारेकरी म्हणजे सोनारआळीतला केर आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण वेचणारे लोक. सारजाची आजी ओढ्याकाठी गाळ धुवायची, आईही तिथेच धुवायची. सारजाच्या वेळेला सोनारआळीत फरशी बसली, गाळ आटला. मग तिने भंगारातले फोन उघडायला घेतले. आतल्या हिरव्या पट्ट्यांवरचं सोनं ती नखाएवढं नखाएवढं जमवायची. तारा जाळून गावाला खोकवायची नाही. बसून सोलायची, तांबं वेगळं ठेवायची.

याच कामासाठी महाराजांनी सुवर्णसंकलन महामंडळही काढलं होतं. तीन वर्षांत त्याला एक अध्यक्ष, चार उपाध्यक्ष आणि एक कोनशिला मिळाली. सोनं तेवढं मिळायचं राहिलं. आता कारखान्यासाठी महामंडळाला नेमकी सारजाची ओढ्याकाठची जागा हवी होती. अंगठी आणली तर जागा सारजाची, नाहीतर महामंडळाची, असं ठरलं.

सारजाने सांगून पाहिलं की एका फोनातल्या सोन्यात मुंगीची नथसुद्धा घडायची नाही.

महाराज म्हणाले, "सबबी महामंडळाकडे भरपूर आहेत. तू सोनं आण."

फोन पदरात बांधून निघता निघता सारजाने देवडीवरच्या शिपायाला सहज विचारलं, हा मेला कसा? न्हाणीघरातल्या हंड्यात पडून, शिपाई म्हणाला. मग महाराज तेव्हा कुठे होते? महाराज तेव्हा माडीवर झोपलेले होते.

सारजा चालता चालता थांबली. धनी माडीवर घोरत असताना फोन जिना उतरून हंड्यापर्यंत गेला कसा? पाय तर नव्हते त्याला.

दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या दारातल्या पानवाल्याकडे ती मोठ्याने म्हणाली, "न फोडता सोनं काढायचं म्हणजे आधी फोन जिवंत करायला हवा. आत कुणी काय लिहिलंय, कुणाला काय धाडलंय, सगळं वाचून बघायला हवं." आणि ओढ्यावर जाऊन स्वस्थ बसली. गाळ धुतानाही असंच असतं. पाटी एकदा हलवायची आणि थांबायचं. हलकं वाहून जातं, जड तळाला बसतं.

तिसऱ्या दिवशी खजिनदार आले. दसऱ्याला अजून आठवडा होता, तरी हातात आपट्याचं पान. "सोनं घे बाई, सोन्यासारखी राहा." पान भलतंच जड लागलं, आत अंगठी होती. ओला फोन चिखलात पुरला की लवकर सुकतो, असा सल्लाही ते फुकट देऊन गेले. संध्याकाळी सेनापती आले. त्यांच्या पानात साखळी होती, आणि मेलेल्या फोनाला उगाच छळू नये, असं त्यांचं मत होतं.

सकाळी दिवाण त्र्यंबकपंत आले, ते आपट्याची फांदीच घेऊन. फांदीत मनगटात घालायचा सोन्याचा जाडजूड गोठ ओवलेला. फांदी देऊन ते चक्क वाकले.

"अहो दिवाणजी, तुम्ही वडीलधारे, माझ्या पाया कसले पडता?"

"पडू दे गं. कंबरेला बरं असतं. तो फोन मात्र मेलाय तो मेलेलाच राहू दे."

दसऱ्याला भर दरबारात सारजाने तबक ठेवलं. मधे फोन, जसाच्या तसा. भोवती दोन पानं, एक फांदी आणि त्यातलं सोनं.

"हे यातून निघालं?" महाराजांचे डोळे विस्फारले.

"याच्यापायी निघालं, महाराज. अंगठी खजिनदारसाहेबांची, साखळी सेनापतींची, गोठ दिवाणजींचा. मी मागितलं नाही. ज्याचं त्याने आणून दिलं."

"कशासाठी?"

"फोन मेलेला राहावा म्हणून. आत काय आहे ते मला नाही ठाऊक. फोन जिवंत करायला मला येतं कुठे? मला फक्त धुता येतं."

महाराजांनी तिघांकडे पाहिलं, आणि सेनापतींचा धीर सुटून त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुपारी महाराज झोपले की हे तिघे त्यांचा अंगठा उचलून फोनला लावायचे आणि त्यांच्या नावाने हुकूम धाडायचे. खजिनदारांना पगारवाढ, सेनापतींना पदक, महामंडळाच्या अध्यक्षपदी दिवाणजींचे मेहुणे. महाराज झोपत आणि अंगठा राज्य करी! बोभाटा व्हायला लागला तेव्हा तिघांनी फोनला हंड्यात बुडवलं. हे ऐकताना दिवाणजी शरमेने लाल झाले.

"यातला मोठा चोर कोण?" महाराजांनी विचारलं.

"हातात धरून बघा, महाराज. जड ते तळाला बसतं."

महाराजांनी गोठ तळहातावर तोलला, दिवाणजींकडे पाहिलं आणि फेटा सुटेपर्यंत हसले. ओढ्याकाठची जागा त्यांनी जागच्या जागी सारजाच्या नावे केली, महामंडळ मोडलं, आणि म्हणाले, "आणखी माग."

सारजाने ते भरलेलं दालन मागितलं. महाराजांचं हसू थोडं आखडलं. "अगं, पण लागलं कधी तर?"

"लागलंच तर सोनं लागेल, महाराज. चार्जर नाही लागायचे."

दालन रिकामं झालं. घमेली भरभरून तांबं निघालं आणि वाटाण्याएवढं सोनं. त्याची अंगठी महाराजांच्या बोटात अगदी नेमकी बसली.

आता शपथ घेतलीच आहे, तर लपवत नाही. यात बनवलेलं एकच आहे. दिवाणजी शरमेने लाल झाले, असं वर म्हटलंय ना? तेवढं पदरचं.