हौसाचा हात

बसा, सांगते. पण एकदाच सांगेन, हल्ली बोलून बोलून घसा दुखतो. ही गोष्ट कुठल्या राजाच्या काळातली, ते मला विचारू नका. फार जुनी आहे, एवढंच मला माहीत.

आपल्या या करंजकड्यावर तेव्हा हौसा नावाची विधवा राहायची. अंबाडीचे दोर वळायची. तिच्या दोराने बांधलेला बैल कधी सुटला नाही, असं म्हणतात. चाळिशी उलटली आणि तिच्या अंगाचं काहीतरी बिनसलं. पायांत जोर होता, पण पाय सांगितलं तिथे पडेनात. तोल राहावा म्हणून ती पाय फाकवून, झोकांड्या खात चालायची. तांब्या घ्यायला गेली की हात त्याच्या पलीकडेच जायचा. हळूहळू जीभही जड झाली.

गावाला काय वाटणार? बाई पिते, असंच वाटलं. आणि गावाचा नियम असा, की प्यालेल्या माणसाने पाणजाईच्या झऱ्यावर जायचं नाही, नाहीतर झरा आटतो. दुसरं पाणी तर गावाला नव्हतंच. पाटलीण बयजाबाईने एक दिवस हौसाची घागर अडवली.

"मी थेंबभर घेतलेली नाही. माझ्या तोंडाचा वास घ्या," हौसा म्हणाली. तिचं ते अडखळतं बोलणं ऐकून बाया आणखीच हसल्या. वास घ्यायला कोण जातं? प्यालेल्याच्या जवळ गेलं तरी आंघोळ करावी लागायची.

झालं. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या दारात उभं राहून पाणी मागायचं. कधी मिळायचं, कधी नाही. तहानेपेक्षा त्या मागण्यानेच ती दमली. शेवटी तिने ठरवलं, एकदा तरी सरळ चालत झऱ्यापर्यंत जाऊन दाखवायचं, म्हणजे लोकांना पटेल. घरापासून ती लाकडाच्या मेढी जमिनीत ठोकत निघाली आणि मेढींना दोर बांधत गेली. घाव मेढीवर कमी, बोटांवर जास्त बसायचे. पडायची, उठायची, पुन्हा पडायची. किती रडली असेल, ते कुणी सांगत नाही. तिच्या घामाने मेढींना पालवी फुटली, असं मात्र म्हणतात.

झऱ्याजवळ नुसता कातळ आहे आणि बाजूला कडा. तिथे मेढ रुतेना. हौसा शेवटच्या मेढीला टेकून बसली होती, तेवढ्यात धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना असं धुकं. झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाया तिथेच अडकल्या, त्यांत बयजाबाईही होती. एकीची घागर कड्यावरून खाली गेली, तशा सगळ्या रडायला लागल्या.

हौसाने दोराचं मोकळं टोक कमरेला बांधलं आणि कातळावरून रांगत निघाली. रांगणाऱ्याला पडायची भीती नसते. बायांपाशी पोचल्यावर ती उठली, पाय फाकवले आणि दोर ताणून उभी राहिली. "धरा आणि चाला," म्हणाली.

एकेक बाई दोर धरून गेली. सोसाट्याचा वारा सुटला, पण हौसा हलली नाही, असं म्हणतात. कातळ लोण्यासारखा मऊ झाला आणि तिचे पाय घोट्यापर्यंत रुतले, असंही म्हणतात. ते दोन खळगे मी पाहिलेत. मला विचाराल तर हलली असेल हो. खूप हलली असेल, तरी उभी राहिली.

सगळ्यात शेवटी बयजाबाई उरली. हौसाला तिथे एकटी टाकून जाणं तिला जमेना. तिने तिला कवेत धरलं, तेव्हा तोंडाजवळ तोंड आलं. वास होता तो उपाशी पोटाचा.

"अगं, तू तर प्यालेली नाहीस," बयजाबाई म्हणाली.

"तेच सांगत होते, बाई. आता मला कुठंतरी बसवा. लई दमले."

बयजाबाईने तिचा हात धरून तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी स्वतः घागर भरून तिच्या दारात ठेवली, आणि हौसा जिवंत होती तोवर रोज ठेवली.

झऱ्याच्या वाटेवर गाव अजून दरवर्षी नवा दोर बांधतं. पण खरं सांगू, ते दोराचं तितकंसं काही नाही. या गावात कुणाचा तोल गेला, तर कशाने गेला, ते नंतर विचारतात. आधी "हौसाचा हात घे" म्हणून हात पुढे करतात. माणूस प्यालेला असला तरी.