चांगली बातमी

"मग मंडळ मोडूनच टाकू का, माई?"

माई पावटे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

खंडोबाच्या टेकडीवर एकट्या राहणाऱ्या माईंच्या या मठीत उज्ज्वला नवी नवरी होती तेव्हापासून यायची. आसपासच्या गावांतल्या धंदा करणाऱ्या बायकांचं मंडळ तिनं उभं केलं, तेव्हापासून तर फारच. कुणाची चटणी पुण्याच्या दुकानात गेली, कुणाचं पार्लर सुरू झालं, की उज्ज्वला पेढे घेऊन वर हजर. माई पेढा खायच्या, पण शाब्बास काही म्हणायच्या नाहीत. ते तिला सलायचं.

आज ती रिकाम्या हातानं आली होती.

मंडळाचा नियम तिचाच. चार बायका जमल्या की सासू आणि गुडघेदुखी यांतच संध्याकाळ उलटते, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून बैठकीत प्रत्येकीनं उभं राहायचं, नाव सांगायचं, धंदा सांगायचा आणि एक चांगली बातमी द्यायची. मग टाळ्या. रडगाणं घरी ठेवून यायचं. नियम लागू पडला, हे मान्यच करायला हवं. एकीची दुसरीशी ओळख झाली, आणि बायका खरोखर कमवायला लागल्या.

मालन शेवया-कुरडया करायची. दर बैठकीला उठायची, बातमी द्यायची, हसून खाली बसायची. तिच्या शेजारची खुर्ची नसीमची, आणि नसीमचं औषधांचं दुकान.

आठवड्यापूर्वी मालन गेली. छातीत गाठ होती. वर्षभर तिनं दुखणं अंगावर काढलं होतं.

"तिच्या जावेनं सांगितलं..." उज्ज्वला म्हणाली. "मागं एकदा बैठकीला निघताना मालन म्हणाली होती, आज बायकांना सांगते. परत आली ती तशीच. जावेनं विचारलं, तर म्हणाली, तिथं चांगलंच बोलायचं असतं, जाऊबाई."

माईंचे हात थांबले.

"त्या दिवशी काय बातमी दिली तिनं?"

"दिवाळीच्या ऑर्डरी आल्यात म्हणाली."

"आन् तुम्ही?"

"टाळ्या वाजवल्या..."

उज्ज्वलाला स्वतःची चीड आली, मग मालनची इतकी आठवण आली की तिला रडू आवरेना. सवयीनं तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. माईंनी तिच्या हनुवटीला हात लावला आणि तिचा चेहरा पुन्हा आपल्याकडे वळवला. डोळे मात्र पुसले नाहीत.

"बोल," त्या म्हणाल्या.

मग उज्ज्वलानं परवाच्या बैठकीचं सांगितलं. मालनला श्रद्धांजली वाहून लगेच कामाला लागायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण बातमी द्यायला कुणी उठेचना. नसीमच्या हुंदक्यांनी सुरुवात झाली. माझ्या शेजारी बसायची आणि मला कळलं नाही, एवढंच ती म्हणत राहिली. मग पार्लरवाली नवऱ्याच्या दारूबद्दल बोलली. रोपवाटिकावाली म्हणाली, माझी रोपं केव्हाच करपलीत, तीन बैठका मी खोटंच सांगतेय. कुणी कुणाला थांबवलं नाही. दिवस मावळला तरी बायका बसूनच होत्या. एक ऑर्डर ठरली नाही, एक काम झालं नाही.

"आन् तू?"

"मी..." उज्ज्वला जमिनीकडे बघत राहिली. "मीही बोलून गेले, माई. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते."

टेकडीखालून कुणाच्या तरी मोटरचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"इतक्या वर्षांची शिस्त एका दिवसात गेली. नुसतं रडणं. अशी असते का बैठक? मंडळ संपलं म्हणायचं, दुसरं काय."

माईंच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी ते लपवलं नाही.

"परवा तुमची पहिली बैठक भरली, पोरी," त्या म्हणाल्या. "एक बाई तेवढी यायची राहिली..."